बी.ई.पासून स्वतःच्या लॅबपर्यंत: ऊर्जासंक्रमणावर संशोधन करणारा प्राध्यापक कसं व्हायचं

दरवर्षी ऑगस्टच्या सुमारास शेवटच्या वर्षाची दोन-तीन मुलं केबिनच्या दाराशी घुटमळतात. प्रश्न ठरलेला असतो. “सर, सोलरमध्ये स्कोप आहे का?” मी उलट विचारतो, “सोलरमध्ये नोकरी करायचीय, की सोलरला प्रश्न विचारत बसायचंय?” बहुतेकांना नोकरी हवी असते. त्यांना चहा पाजून, दोन-चार कंपन्यांची नावं सांगून मी पाठवून देतो. एखादी मुलगी मात्र थांबते आणि म्हणते, “प्रश्न विचारायचे पैसे मिळतात का?” मिळतात, पण उशिरा. किती उशिरा आणि तोवर काय काय करावं लागतं, ते इथे लिहितोय.

आधी क्षेत्राबद्दल थोडं. कोळसा, डिझेल आणि सरपण सोडून सूर्य, वारा, पाणी आणि बॅटरीकडे जाणं म्हणजे ऊर्जासंक्रमण, ही ढोबळ व्याख्या झाली. संशोधकाला त्यापुढे जावं लागतं: किती वेगानं, कुणाच्या खर्चानं, आणि या बदलात कुणाची रोजीरोटी जाणार? २०२१ साली ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारतानं २०३०पर्यंत ५०० गिगावॉट बिगर-जीवाश्म क्षमता आणि २०७०पर्यंत नेट झीरो असं जाहीर केलं. जून २०२५पर्यंत देशाच्या स्थापित वीजक्षमतेचा निम्मा भाग बिगर-जीवाश्म झालासुद्धा. पण २०२४-२५मध्ये प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेत सत्तर टक्क्यांहून जास्त वाटा कोळशाचाच होता. क्षमता आणि प्रत्यक्ष वीज यांच्यातल्या या दरीत तुमच्या-माझ्या पुढच्या वीस वर्षांचं काम पडलेलं आहे.

पहिली पायरी: यंत्र नको, प्रश्न धरा

हीच पायरी सगळ्यात जास्त जण चुकतात, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

अमूल्य रेड्डी मूळचे विद्युत-रसायनशास्त्रज्ञ. त्या विषयात नाव झालेलं असताना त्यांनी १९७४ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ‘अस्त्र’ हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा गट उभा केला. कर्नाटकातल्या पुरा नावाच्या छोट्या गावात त्यांनी सामुदायिक गोबर गॅसचा प्रयोग केला. कल्पना साधी होती: गावाच्या शेणातून गावाची चूल पेटवायची. पण सगळ्यांच्या चुलींना पुरेल एवढं शेणच निघेना. दुसरा कुणी असता तर अहवालात ‘लोकांचा सहभाग कमी पडला’ असं लिहून मोकळा झाला असता. रेड्डींच्या गटानं प्रश्नच बदलला. गावाची खरी निकड होती पाणी. मग त्याच गॅसवर इंजिन चालवून वीज केली, विजेवर पंप चालवला, घरांजवळ नळ आणले आणि दिवेही लावले. १९८७नंतर ही व्यवस्था कित्येक वर्षं चालली. गोबर गॅसचं यंत्र तेच होतं, फक्त त्याला विचारलेला प्रश्न बदलला होता.

म्हणून विषय निवडताना तीन गोष्टी एका वाक्यात बसतात का ते बघा: यंत्र, दर आणि माणूस. ‘सौर पॅनेलची कार्यक्षमता वाढवणे’ यात फक्त यंत्र आहे. ते उत्तम काम आहे, पण ती वाट मटेरियल सायन्सची. ‘चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्रातले जुने संच बंद होतील तेव्हा तिथल्या पारेषण वाहिन्यांचं, राखेच्या तळ्यांचं आणि कंत्राटी कामगारांचं काय करायचं’ यात तिन्ही आहेत. साखर कारखान्याची बगॅसवरची (उसाच्या चिपाडावरची) सहवीज गाळपाच्या हंगामातच का मिळते आणि उरलेले महिने ती यंत्रणा कशावर चालवावी, यातही आहेत. घाटघरचं २५० मेगावॉटचं उदंचन (पाणी वर चढवून, हवं तेव्हा खाली सोडून वीज करणारं) केंद्र दिवसाच्या सौरविजेवर पाणी वर चढवायला कोणत्या दरात परवडेल, यातसुद्धा.

माझा स्वतःचा विषय आहे शेतीचा फीडर, म्हणजे उपकेंद्रातून शेतपंपांपर्यंत वीज नेणारी वाहिनी. तो उलगडून दाखवतो, म्हणजे ‘प्रश्न’ म्हणजे नेमकं काय ते लक्षात येईल.

महाराष्ट्रात २०१७पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. २०२३मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प लावायचा आणि त्यावर शेतीच्या अकरा केव्हीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची, असा बेत. आता कागदावर एक फीडर घ्या. त्यावर पाच एचपीचे ४०० पंप. एक पंप मोटरच्या दांड्यावर ३.७३ किलोवॉट काम करतो. मोटरचं नुकसान धरून साधारण साडेचार किलोवॉट ओढतो. सगळे एकदम चालले तर १.८ मेगावॉट. मग दोन मेगावॉटचा प्रकल्प लावला की झालं? वर्षाचा हिशेब केला तर झालंच. १९ टक्के क्षमता-वापर (वर्षभराची सरासरी) धरला तर प्रकल्प वर्षाला सुमारे ३३ लाख युनिट देतो. एक पंप वर्षाला बाराशे तास चालतो असं धरलं तर ४०० पंपांना २१.६ लाख युनिट लागतात. वर ११ लाख उरले.

आता हाच हिशेब तासांत करा. सकाळी आठला प्रकल्प जेमतेम चौथा हिस्सा देतो, शेतकऱ्याला मात्र ऊन चढायच्या आत पाणी सोडायचं असतं. पावसाळ्यात पंप बंद, तेव्हाची वीज ग्रीडला जाते. एप्रिल-मेमध्ये ऊन भरपूर, पण दुष्काळी पट्ट्यात विहिरीच कोरड्या. रब्बीत पंप सगळ्यात जास्त चालतात आणि दिवस सगळ्यात लहान. वर्षाच्या बेरजेत जुळलेला हिशेब तासाच्या बेरजेत फाटतो. तो कुठे फाटतो आणि किती पैशांत शिवता येईल, हा झाला पीएच.डी.चा प्रश्न.

दुसरी पायरी: पदव्यांची शिडी

इथे माहिती सरळ आहे, भरभर सांगतो.

बी.ई. इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, केमिकल, कशातलंही चालतं. सिव्हिलची मुलंही या क्षेत्रात उत्तम काम करतात. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी गेटचा, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेचा, अभ्यास सुरू करा. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. आपल्या शाखेचाच पेपर द्या. गेट २०२६पासून अभियांत्रिकी विज्ञानाच्या पेपरात ऊर्जा विज्ञान हा विभागही आला आहे, पण कुठल्या संस्थेत तो धरतात ते अर्ज करण्याआधी तपासा.

एम.टेक.ला गेटवर महिना १२,४०० रुपये मिळतात. मुंबई-पुण्यात त्यात कसं भागवायचं ते पोरांनाच ठाऊक. संस्थांमध्ये आयआयटी मुंबईचा ऊर्जा विज्ञान आणि अभियांत्रिकी विभाग महाराष्ट्रातल्या मुलांना सगळ्यात जवळचा. तिथेच सितारा म्हणजे ग्रामीण तंत्रज्ञान पर्यायांचं केंद्र १९८५पासून आहे. गावपातळीवरचं काम करायचं असेल तर त्याचा पर्याय आधी बघा. रंगन बॅनर्जी आयआयटी मुंबईत मेकॅनिकल शिकले, ऊर्जा प्रणालीत पीएच.डी. केली, तिथल्या ऊर्जा विभागात शिकवलं आणि पुढे आयआयटी दिल्लीचे संचालक झाले. म्हणजे ही वाट आडवळणाची राहिलेली नाही.

आधीच कुठल्या कॉलेजात शिकवत असाल तर नोकरी सोडू नका. १९७०पासून चालू असलेली क्यूआयपी योजना नोकरीतल्या शिक्षकांसाठीच आहे: पगारी रजेवर आयआयटीसारख्या संस्थेत पीएच.डी. करता येते. संस्थाचालकांची संमती मिळवणं हे त्यातलं खरं प्रवेशपरीक्षेचं काम. आमच्या काळात एका कॉलेजात माझ्या मित्राचा अर्ज दोन वर्षं टेबलाच्या खणात पडून होता. अर्ज केलात की आवक क्रमांक घ्या आणि दर महिन्याला विचारा.

तिसरी पायरी: गाईड, पीएच.डी. आणि पैसा

गाईड निवडताना त्याचं नाव बघू नका, त्याचे विद्यार्थी बघा. मागच्या पाच विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली, ते आज कुठे आहेत, आणि त्यांच्या पेपरवर पहिलं नाव कुणाचं आहे, या तीन गोष्टी इंटरनेटवर अर्ध्या तासात कळतात. मग त्यातल्या एकाला फोन करा. लोक फोनवर खरं बोलतात, ईमेलवर नाही.

गाईडला पाठवायचा ईमेल दहा ओळींचा ठेवा. “मला आपल्या कुशल मार्गदर्शनाखाली” ही ओळ आम्हाला आठवड्याला वीस वेळा येते. त्याऐवजी त्याचा एक पेपर वाचून त्यातल्या एका आकड्याबद्दल प्रश्न विचारा. “तुम्ही पंपाची कार्यक्षमता चाळीस टक्के धरलीय, आमच्या गावात रिवाइंड केलेल्या मोटरी जास्त आहेत, तिथेही हाच आकडा चालेल का?” असा ईमेल आला की मी त्याच दिवशी उत्तर देतो.

पैशाचं गणित असं. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,०००, वर घरभाडं. हे दर जानेवारी २०२३पासून लागू आहेत. महाराष्ट्रात याशिवाय बार्टी, सारथी आणि महाज्योती या सरकारी संस्थांच्या पीएच.डी. अधिछात्रवृत्त्या आहेत. प्रवर्गाप्रमाणे पात्र असाल तर नोंदणी झाल्या झाल्या जाहिरातीवर लक्ष ठेवा आणि नोंदणीपत्राच्या दहा प्रती काढून ठेवा. पैसे वेळेवर येतातच असं नाही. सहा महिन्यांचा खर्च बाजूला असलेला बरा. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं. या विषयात पाच धरून चला, कारण शेताचे दोन पूर्ण हंगाम मोजल्याशिवाय काही सांगता येत नाही.

परदेशात जायचं असेल तर नेदरलँड्सकडे बघा. तिथे पीएच.डी. म्हणजे चार वर्षांची पगारी नोकरी असते आणि संक्रमण हा विषय तिथे अभियंते आणि समाजशास्त्रज्ञ एकत्र बसून शिकवतात. फ्रँक गील्स या डच अभ्यासकानं २००२च्या सुमारास मांडलेली बहुस्तरीय दृष्टी (छोटे प्रयोग, प्रस्थापित व्यवस्था आणि भोवतालची परिस्थिती) तुम्हाला कुठेही गेलात तरी वाचावीच लागेल. वाचा, पण जशीच्या तशी शेतावर नेऊ नका. तिथली ‘प्रस्थापित व्यवस्था’ म्हणजे कंपन्या आणि बाजार. आपल्याकडे तिच्यात वायरमन, थकबाकी आणि निवडणूक हेही येतं.

चौथी पायरी: एक हात मॉडेलवर, एक पाय शेतात

मॉडेलिंग, म्हणजे वीजव्यवस्था संगणकावर मांडून बघणं, शिकायला पैसे लागत नाहीत. पायथन शिका. मग पायपीएसए किंवा ओसेमोसिस हे सॉफ्टवेअर घ्या, दोन्ही मुक्त आहेत. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटानं ‘रूमी’ हा मुक्त मंच भारतीय ऊर्जा व्यवस्थेचा विचार करून बांधलाय, तोही बघा. पहिलं मॉडेल तुमच्या तालुक्याचं करा, देशाचं नको. देशाचं मॉडेल चुकलं तर कुणाला कळत नाही. तालुक्याचं चुकलं तर तुमचा मामाच सांगतो.

मला ते एका रात्री कळलं. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेला, बिबट्याच्या पट्ट्यातलं गाव. शेतीच्या विजेची रात्रपाळी होती आणि मी लॉगर (वीज मोजून नोंदवणारं यंत्र) घेऊन डीपीजवळ (शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरजवळ) उभा. माझ्या मॉडेलमध्ये पंप एकामागून एक, तासाभरात हळूहळू सुरू होत होते. पाठ्यपुस्तकात तसंच असतं. साडेबाराला वीज आली आणि तीन सेकंदांत सगळ्या शिवारातून मोटरींचा आवाज उठला. प्रत्येकानं ऑटो-स्विच लावलेला: रात्री अंधारात बांधावरून कोण जाणार बटण दाबायला? इंडक्शन मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. व्होल्टेज बसलं, डीपीवर ठिणगी उडाली, फ्यूज गेला आणि शिवार पुन्हा शांत झालं. बॅटरी घेऊन आलेले काका म्हणाले, “हे रोजचंय सर. आता वायरमन सकाळी.”

त्या एका रात्रीनं माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण बदललं. प्रश्न युनिटांचा राहिला नाही. ऑटो-स्विचचा, बिबट्याचा आणि दिवसा वीज मिळाली तर तो स्विच निघेल का याचा झाला.

शेतावर जायचं तर काही साध्या गोष्टी पाळा. लॉगर बसवण्याआधी वीज कंपनीच्या उपविभागाची लेखी परवानगी घ्या. मोटर किती वेळा भरायला टाकली आणि किती पैसे गेले ते विचारा; वीजबिलापेक्षा तो आकडा लोकांना चोख आठवतो. फॉर्म मराठीत छापा. आणि दारं धरायच्या, म्हणजे पिकाला पाणी द्यायच्या, वेळी मुलाखत मागू नका.

पाचवी पायरी: आकडे कुठून आणायचे

राज्य भार प्रेषण केंद्र रोजची मागणी आणि निर्मिती प्रसिद्ध करतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे मासिक अहवाल सगळ्यांना खुले आहेत. पण खरा खजिना आहे वीज नियामक आयोगापुढच्या दरवाढीच्या याचिका. हजार-हजार पानांच्या असतात आणि शेतीचा वापर कसा अंदाजला, गळती कुठे दाखवली, सगळं त्यात मिळतं. २००३च्या वीज कायद्याच्या कलम ६४नुसार दर ठरवण्याआधी आयोगाला लोकांच्या सूचना-हरकती विचारात घ्याव्या लागतात. एकदा स्वतः हरकत दाखल करा आणि सुनावणीला जाऊन बसा. यंत्रमागवाले, साखर कारखान्यांचे प्रतिनिधी, ग्राहक संघटना एका खोलीत भांडतात. संक्रमणाचं अर्थकारण वर्गापेक्षा तिथे लवकर कळतं.

पेपर छापण्याबद्दल एवढंच: पैसे घेऊन आठ दिवसांत छापणाऱ्या मासिकांपासून लांब राहा. मी स्वतः माझा पहिला पेपर साडेतीन हजार भरून छापला होता. ते मासिक आता कुठे सापडत नाही आणि तो पेपर मी सी.व्ही.तून काढून टाकलाय. फेब्रुवारी २०२५मध्ये यूजीसीची मान्य मासिकांची केअर यादीही बंद झाली, त्यामुळे आता पारख तुमची तुम्हालाच. खूण सोपी: तुम्ही ज्यांचे पेपर वाचता ते लोक जिथे लिहितात, तिथे पाठवा. पाच वर्षांत तीन धडधाकट पेपर झाले तरी पुष्कळ.

सहावी पायरी: नोकरी

अभियांत्रिकीत सहाय्यक प्राध्यापक व्हायला नेट ही पात्रता परीक्षा लागत नाही. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) नियमांप्रमाणे बी.ई. आणि एम.ई., त्यातल्या एकात प्रथम वर्ग, एवढ्यावर सुरुवात होते. मूळ वेतन ५७,७०० रुपये. हे कागदावर. प्रत्यक्षात अनेक खासगी कॉलेजांत ठोक पगार असतो आणि सरकारी-अनुदानित ठिकाणी भरती रखडली की तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, वर्षानुवर्षं काढणारे हुशार लोक मी पाहिलेत. सीएचबी घेतलीत तर दोन वर्षांची मुदत स्वतःला घाला आणि त्या काळात पेपर संपवा.

आयआयटीत पीएच.डी.नंतर तीन वर्षांचा अनुभव असेल तर ग्रेड एकला सुरुवातीचं मूळ वेतन १,०१,५०० रुपये. अनुभव नसेल तर ग्रेड दोनवर कंत्राटी सुरुवात. हा अनुभव बहुतेक जण पोस्टडॉकमधून, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधनातून, मिळवतात. युरोपातली मारी क्युरी फेलोशिप पीएच.डी.नंतर आठ वर्षांच्या आत आणि जर्मनीची हम्बोल्ट (तिची पोस्टडॉकसाठीची) चार वर्षांच्या आत मागावी लागते, म्हणून आधी हम्बोल्टचा विचार करा.

मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न: “हे इंजिनिअरिंग आहे की समाजशास्त्र?” चिडू नका. फळ्यावर उभं राहा आणि फीडरचा तासवार हिशेब मांडा. दुसरा हमखास प्रश्न: “आमच्याकडे कोणते विषय शिकवाल?” इथे पॉवर सिस्टिम्स किंवा थर्मोडायनॅमिक्ससारखा एक कोअर विषय सांगता आलाच पाहिजे. विभागप्रमुखाला संक्रमणापेक्षा वेळापत्रकाची चिंता जास्त असते, आणि ते बरोबरच आहे.

सातवी पायरी: पहिली पाच वर्षं

आठवड्याला सोळा तास शिकवणं, त्यावर नॅक आणि एनबीए या मूल्यांकनांच्या फायली. संशोधन उरलेल्या वेळात होत नाही. तो वेळ चोरावा लागतो. मी मंगळवार आणि गुरुवारची सकाळ कुणाला देत नाही. पहिल्याच वर्षी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे चार गट मागून घ्या आणि चौघांना एकाच फीडरवर लावा: एक लॉगर बनवेल, एक सर्वेक्षण करेल, एक मॉडेल, एक दराचा अभ्यास.

निधीसाठी केंद्राचं अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आहे. जुनं सर्ब त्यातच विलीन झालं. नव्या प्राध्यापकांसाठी तिथे वेगळी योजना आहे, रुजू झाल्यापासूनच तिच्याकडे लक्ष ठेवा, कारण ‘नवे’ असण्याची मुदत असते. कंपनीचा सल्लागार म्हणून काम घ्यायला हरकत नाही, फक्त करारात ‘निष्कर्ष छापण्याचा हक्क’ हे कलम नसेल तर सही करू नका.

आणि गावात परत जा. प्रबंध संपल्यावर मी निष्कर्षांचं एक पान मराठीत करून त्या गावात नेलं. पारावर दहा-बारा जण जमले होते. आलेख दाखवत होतो. त्यात फेब्रुवारीतले चार दिवस मी गाळले होते, कारण लॉगरनं सलग शून्य दाखवलं होतं आणि मीटर बिघडलं असं मी धरलं होतं. तेच बॅटरीवाले काका पुढे झाले, बोट ठेवलं आणि म्हणाले, “हे चार दिवस कुठं गेले?” मी म्हटलं, मीटर बंद होतं. ते हसले. “मीटर चालू होतं सर. डीपी जळाली होती. दुसरी यायला चार दिवस लागले, माझा कांदा त्यातच गेला.” परत आल्यावर मी ते शून्य पुन्हा आकडेवारीत घातले. पुढचा पेपर त्या चार दिवसांवर आहे.